वादळ येण्यापूर्वी : बेटांची आणि किनाऱ्याची तयारी

साक्रीच्या विद्यार्थ्याने बेटावरील वादळाविषयी लेख लिहावा, हे वाचून कोणाला हसू आले तर त्यात त्याचा दोष नाही. आपल्या तालुक्यापासून समुद्र दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर, मध्ये सह्याद्रीची भिंत, आणि कान व पांझरा या आपल्या नद्या वर्षातील बरेच महिने वाळूच दाखवितात. परंतु वाऱ्याची ओळख आपल्याला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ब्राह्मणवेलच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. वारा वाढला की त्या जोराने फिरतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण वारा फारच वाढला की त्या आपली पाती वळवून घेतात आणि चक्क थांबतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असते असे नाही. ही मर्यादा साधारणतः ताशी ९० किलोमीटरच्या आसपास असते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ आदळले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. म्हणजे आपल्या डोंगरावरील लोखंडी यंत्रे ज्या वाऱ्यात काम सोडून देतात, त्याहून मोठ्या वाऱ्यात श्रीवर्धन-दिवेआगरची माणसे कौलांच्या घरात बसून होती.

आणि ते वादळ किनाऱ्यावरच संपले असेही नाही. रायगड-पुण्यावरून ईशान्येकडे सरकत, दुबळे होत होत, ते उत्तर महाराष्ट्राच्या अंगावरून दुसऱ्या दिवशी पश्चिम विदर्भात पोहोचले. आपल्याकडे त्याचे उरले ते ढग, पाऊस आणि कांदाचाळींवर ताडपत्री टाकण्याची धावपळ. या धावपळीतूनच प्रस्तुत लेखाचा विषय मनात आला. आपण ताडपत्री शोधत होतो तेव्हा ज्यांच्या दारात ते प्रत्यक्ष आले होते त्यांनी काय केले असेल? आणि ज्यांना चहूबाजूंनी पाणी आहे, पळायला रस्ताच नाही, अशा बेटांवरचे लोक काय करीत असतील?

प्रथम थोडे शास्त्र पाहू. अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन म्हणतात, पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून म्हणतात, तेच आपल्याकडील चक्रीवादळ होय. 'हरिकेन' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिश लोकांनी उचलला. 'सायक्लोन' हा शब्द मात्र आपल्याच देशात, कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन या गृहस्थाने १८४८ साली नाविकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात सापाच्या वेटोळ्यावरून तो रूढ केला. याच पिडिंग्टनने १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीला पत्र लिहून बजावले होते की, मातला नदीच्या मुखाशी नवे बंदर बांधू नका, वादळाची लाट ते गिळून टाकील. बंदर बांधले गेले. १८६७ च्या वादळाने त्याची वाट लावली. शहाण्या माणसाचे पत्र कपाटात कसे पडून राहते याचे हे जुने उदाहरण आहे. नवीही पुढे येतील.

उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली की कोकण किनाऱ्यावर ३ जूनला जे घडले त्याचा अर्धा उलगडा होतो. वादळ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे चालले होते. त्याच्या वाटेच्या उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेकडे, वारा समुद्राकडून जमिनीकडे येणार आणि वादळाची स्वतःची चालही त्यात मिळणार; डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेकडे, वारा जमिनीकडून समुद्राकडे जाणार. म्हणून उजवीकडील श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांची दैना झाली आणि डावीकडील मुंबई बऱ्याच अंशी वाचली. त्या दिवशी वृत्तवाहिन्या मुंबईची झाडे दाखवीत होत्या. ज्या गावांची झाडे दाखवायला हवी होती तेथून चित्र येणेच शक्य नव्हते, कारण वीज आणि दूरध्वनी दोन्ही गेले होते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. वादळ आपल्यासोबत समुद्राचे पाणी फुगवून आणते. त्यात नेहमीची भरती मिळाली तर अनर्थ होतो. कोळी-खारव्यांमध्ये भरतीची वेळ काढण्याचा एक सुंदर हिशेब आहे : तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. २ जूनला निर्जला एकादशी होती. ३ तारखेची द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊ-दहाच्या सुमारास भरती आणि मग ओहोटी. वादळाने किनारा ओलांडला तो दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, पाणी उतरत असताना. पौर्णिमा दोनच दिवसांवर होती, उधाणाचे दिवस होते. वादळ चार तास आधी आले असते तर किनाऱ्यालगतच्या कितीतरी घरांचा हिशेब वेगळा झाला असता. भूगोलाच्या तासाला चंद्राचे आकर्षण शिकताना मला हा विषय कंटाळवाणा वाटत असे, हे येथे कबूल करतो.

आता तयारीकडे वळू. कोकणच्या माणसाला वादळाची तयारी वेगळी शिकवावी लागत नाही, कारण पावसाळ्याची तयारी हीच त्याची अर्धी तयारी असते. मे महिन्यात घरांची शाकारणी होते. कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा बसविली जातात. पडवीला झावळ्यांचे झाप लागतात. लाकूडफाटा कोरड्या जागी रचला जातो. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, पापड, आमसुले यांची बेगमी होते. होड्या वाळूवर ओढून त्यांवरही झाप घातले जातात. दर वर्षी चार महिने समुद्र पाठ फिरवतो हे या लोकांनी आयुष्याच्या वेळापत्रकातच धरले आहे, आणि नारळी पौर्णिमा हा सण त्या वेळापत्रकाचेच दुसरे टोक होय. आपल्याकडे दुष्काळाची बेगमी करणारी जी पिढी होती, तिला कोकणातील ही बेगमी लगेच समजली असती.

परंतु चक्रीवादळ हा पावसाळा नव्हे. पावसाळा येतो हे पंचांगाला ठाऊक असते. वादळ येते ते दोन-तीन दिवसांच्या सूचनेवर. भारतीय हवामान विभागाची सूचना चार पायऱ्यांनी दिली जाते. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा, आणि अखेरच्या १२ तासांत वादळ जमिनीवर आल्यावर कोठे काय होईल याचा अंदाज. पिवळा, नारिंगी, लाल असे रंगही त्यांना आहेत. 'निसर्ग'च्या बाबतीत १ जूनला समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २ जूनला दुपारी त्याचे चक्रीवादळ झाले आणि ३ जूनला दुपारी ते किनाऱ्यावर होते. वादळ म्हणून त्याचे नाव पडल्यापासून घरावर येईपर्यंत जेमतेम चोवीस तास. (हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते. तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावे देऊन केलेल्या १६९ नावांच्या नव्या यादीतील हे पहिलेच.)

बंदरांवर मात्र याहून जुनी भाषा आजही चालते, ती बावट्यांची. दिवसा खांबावर शंकूच्या आणि नळकांड्याच्या आकाराच्या खुणा चढवितात, रात्री तांबडे-पांढरे दिवे. पहिले दोन क्रमांक दूरच्या समुद्रातील वादळाचे. तिसरा व चौथा बंदरालाच सावध करणारे. वर्तमानपत्रांत 'तीन नंबरचा बावटा' आपण वाचतो तो हाच. पाच, सहा, सात हे धोक्याचे आणि आठ, नऊ, दहा हे महाधोक्याचे. या तिन्हींमधील फरक मला विशेष वाटला. वादळ बंदराला डाव्या हाताला ठेवून जाणार, उजव्या हाताला ठेवून जाणार की थेट डोक्यावरून जाणार, एवढेच ते सांगतात. वर डावे-उजवे का महत्त्वाचे ते पाहिलेच आहे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही अशा तांडेलालाही खांबाकडे पाहून वारा कोणत्या दिशेने फिरेल आणि होडी खाडीच्या कोणत्या अंगाला बांधावी हे कळावे, अशी ही योजना आहे. शेवटचा क्रमांक अकरा. त्याचा अर्थ : हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि हवा बिघडण्याची भीती आहे, तुमचे तुम्ही पाहा.

३ जूनच्या संध्याकाळी श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा सगळा मुलूख जणू अकरा नंबरच्या बावट्याखाली होता. भ्रमणध्वनीचे मनोरे बंद, विजेचे खांब आडवे, रस्त्यांवर झाडे. पुण्या-मुंबईत असलेल्या मुलांना आपले आईवडील जिवंत आहेत की नाही हे कळायला कित्येकांच्या बाबतीत दिवस लागले. आपण तयारी म्हणतो तेव्हा वादळ येईपर्यंतची तयारी एवढाच अर्थ मनात असतो. वादळानंतरच्या मुक्या दिवसांची तयारी क्वचितच कोणी करतो. जुन्या लोकांनी अकरा नंबर कशाला ठेवला असेल ते अशा वेळी समजते.

प्रत्यक्ष २ जूनला आणि ३ जूनच्या सकाळी किनाऱ्यावर जी कामे झाली ती सांगायला साधीच आहेत. समुद्रातील नौकांना परत बोलावण्यात आले. होड्या खाडीत आत नेऊन दोरांनी जखडण्यात आल्या. पत्र्यांवर दगड, वाळूच्या गोण्या, दोर. रायगड जिल्ह्यात तेरा हजारांहून अधिक लोकांना कच्च्या घरांतून हलवून शाळा, समाजमंदिरे अशा पक्क्या इमारतींत नेण्यात आले. हे सारे करोनाच्या टाळेबंदीत. माणसांना एकत्र येऊ नका असे सांगण्याचे ते दिवस, आणि वादळ सांगत होते की सगळे एका छपराखाली या. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयातून रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले ते याच वादळापायी. दोन संकटांचे नियम एकमेकांविरुद्ध जातात तेव्हा अधिकाऱ्याने काय करावे, यावर आपल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी एखादा तास घ्यावा अशी विनंती आहे.

बेटाची गोष्ट यापुढची. मुंबई बंदरातले घारापुरी हे आपल्याला लेण्यांमुळे माहीत आहे. परंतु तेथे राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावेही आहेत, आणि हजाराच्या वर माणसे राहतात. समुद्राखालून तार टाकून या बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. गेट वे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभराचा प्रवास. हवा बिघडली की लाँच बंद होतात, आणि लाँच बंद म्हणजे भाजी, औषध, दवाखाना सगळेच बंद. किनाऱ्यावरच्या गावाला निदान पाठीमागे डोंगर आहे, रस्ता आहे. बेटावर निर्णय लवकर घ्यावा लागतो, कारण उशीर झाला की निर्णयच उरत नाही. गरोदर बाई, आजारी म्हातारा यांना पलीकडे न्यायचे तर बावटा तीनवर असतानाच न्यावे लागते. चारची वाट पाहिली तर नेणारी होडीच मिळायची नाही. मुंबईच्या बंदरात ही भीती पोकळ नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट खवळलेल्या समुद्रात बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ते चक्रीवादळ नव्हते, नुसता पावसाळी वारा होता.

जगातील इतर बेटांवर काय करतात हे वाचताना साम्ये पाहून आश्चर्य वाटते. कॅरिबियन बेटांवर हरिकेन येणार म्हटले की खिडक्यांना फळ्या ठोकतात, न्हाणीघरातील टाक्या भरून ठेवतात, घरावर झुकलेल्या फांद्या छाटतात, नारळ उतरवून घेतात, कारण वाऱ्यात सुटलेला नारळ हा तोफेचा गोळाच. होड्या मात्र ते बंदरात ठेवीत नाहीत. खारफुटीच्या गर्दीत नेऊन झाडांच्या मुळांना चारी बाजूंनी बांधतात. कोकणातील माणूस खाडीत शिरून कांदळवनाच्या आडोशाला जातो ते याच न्यायाने. एकमेकांचे नावही न ऐकलेल्या दोन माणसांना एकाच झुडपाने एकच धडा दिला आहे. तो धडा ज्या खारफुटीने दिला तिच्यावर भराव टाकून आपण बांधकामे करतो, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

याउलट तयारी न केल्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन हे बेट. तेथील हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये वर्तमानपत्रात लिहिले होते की, या शहराला वादळाची भीती वाटणे हा भ्रम आहे. समुद्रभिंत बांधली गेली नाही. सप्टेंबर १९०० मध्ये क्यूबातील जाणकार सांगत होते की वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरेल. वॉशिंग्टनच्या कचेरीला ते पटले नाही. ८ सप्टेंबरला समुद्र गावावरून गेला. निदान सहा हजार माणसे मेली. क्लाइन यांची पत्नीही त्यात होती. त्यानंतर मात्र त्या लोकांनी जे केले ते विलक्षण आहे. त्यांनी सतरा फूट उंचीची भिंत बांधली आणि दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या. त्यांच्याखाली समुद्रतळाची वाळू भरून त्यांनी गावच वर घेतला.

भिंत बांधायला पैसा लागतो. तो नसलेल्या देशाने काय करावे याचे उत्तर बांगलादेशाने दिले आहे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला बेटावर आणि आसपास तीन ते पाच लाख माणसे गेली असे मानतात. वादळ येत आहे हे उपग्रहाच्या चित्रांत दिसत होते. ते बेटावरच्या माणसापर्यंत पोहोचवणारा कोणी नव्हता. पुढे तेथे स्वयंसेवकांची संघटना उभी राहिली. एक निशाण, दोन निशाणे, तीन निशाणे, आणि कर्ण्यातून ओरडत जाणारा गावातलाच माणूस, एवढेच तिचे साधन. आज त्या संघटनेत पाऊण लाखाच्या आसपास स्वयंसेवक असून त्यांतील निम्म्या स्त्रिया आहेत. स्त्रिया का, हे समजून घेण्यासारखे आहे. १९९१ च्या वादळात तेथे सव्वा लाखाहून अधिक लोक मेले, त्यांत बायका फार होत्या. नवरा घरी नाही, विचारायचे कोणाला; निवाऱ्यात परक्या पुरुषांची गर्दी, आडोसा नाही; गाय कोणाच्या भरवशावर सोडायची? अशा प्रश्नांत रात्र सरली. गायीचे उत्तर म्हणून गावोगाव मातीचे उंच टेकाड घातले गेले. जनावर वर चढले की बाई निघते. हे ज्याला सुचले त्याने हवामानशास्त्र नव्हे तर घर वाचले होते. आपल्याकडे पूर आला की गोठ्यातील म्हैस सोडायला माघारी फिरलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हे सांगावे लागणार नाही.

इशारा मिळणे आणि इशारा मानणे यांत अंतर असते. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाची सूचना अनेक दिवस आधी होती. तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा २६१ माणसांसह समुद्रातच नांगरून राहिला. नांगर तुटले, तराफा वाहत गेला, बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार मेले. याच्या उलट डिसेंबर २०१७ ची आठवण आहे. 'ओखी' वादळात सापडलेल्या केरळ-तामिळनाडूच्या ६८ नौका ९५२ खलाशांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. त्यांची भाषा येथे कोणाला येत नव्हती.

आता जी गोष्ट मला सर्वांत कठीण वाटते ती सांगून थांबतो. 'निसर्ग'मध्ये माणसे फार मेली नाहीत. सूचना आली, हलवाहलव झाली आणि एवढ्या वादळाच्या मानाने महाराष्ट्रातील मृत्यूंची संख्या अगदी कमी राहिली. हे मोठेच यश होय. पण श्रीवर्धनची सुपारी, जिला 'रोठा' म्हणून नाव आहे, ती वाड्यावाड्यांतून काडेपेटीतील काड्यांसारखी मोडून पडली. नारळ मुळासकट उपटले. पत्र्यावर दगड ठेवता येतो, होडी बांधता येते, म्हातारीला शाळेत नेता येते. सुपारीच्या झाडाला काय करणार? सुपारीचे रोप लावले तर उत्पन्न हाती यायला सहा-सात वर्षे जातात. आजोबांनी लावलेली वाडी दुपारच्या दोन तासांत गेली. तिला पुन्हा आकार यायचा तर नातवाने आज रोप लावून, शिंपणे काढून, वाट पाहायची.

त्यात मदतीचा हिशेब प्रथम हेक्टरी होता. कोकणात वाडी पाच-दहा गुंठ्यांची. तिच्यात नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, खाली केळ आणि जायफळ. गुंठ्यांत मोजले तर ती काहीच नाही, झाडांत मोजली तर एक कुटुंब आहे. लोकांनी ओरड केली तेव्हा झाडामागे मदत देण्याचे ठरले. आपल्याकडे ऊस-कांद्याचे क्षेत्र सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये असते, म्हणून हा घोळ आपल्या ध्यानात चटकन येत नाही. तलाठ्याच्या नोंदवहीत जो रकानाच नाही, त्या रकान्यातले नुकसान भरून कसे मिळणार?

पुढच्या वर्षी मे महिन्यातच 'तौक्ते' त्याच किनाऱ्यावरून वर गेले. तेव्हा कित्येक वाड्यांत नवी लावलेली रोपे गुडघ्याएवढी होती, आणि गुडघ्याएवढ्या रोपाला वारा लागत नाही.